पब नेमका कोणाचा असतो?

इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांपलीकडे, हेस्केट न्यूमार्केट नावाचं चिमुकलं गाव आहे. मधोमध हिरवळीचा लांब पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना दगडी घरं आणि त्या घरांच्याच रांगेत एक जुना पब, ‘द ओल्ड क्राउन’. १८५७ साली चार्ल्स डिकन्स आणि त्याचा लेखक मित्र विल्की कॉलिन्स या गावात मुक्कामाला आले होते. ते उतरले ती सराई वेगळी होती आणि तिचं आता राहतं घर झालंय. ओल्ड क्राउन मात्र चालू आहे, कारण २००३ साली गावातल्या आणि आसपासच्या सव्वाशेच्या आसपास माणसांनी पैसे घालून तो विकत घेतला. ब्रिटनमधला पहिला सहकारी पब म्हणून तो ओळखला जातो.

मराठी वाचकाला इथे ठेच लागणार, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे गाव दारूच्या दुकानासाठी एकत्र येतं ते मतदान करून बाटली आडवी करायला. घरातला कर्ता माणूस दारूपायी हातचा गेलेला पाहिलेल्या बायका त्या रांगेत उभ्या असतात, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. मग एखादं गाव गाठीचे पैसे घालून दारू विकणारी जागा का वाचवतं? याचं उत्तर बिअरमध्ये शोधलं तर सापडत नाही. पब ही वस्तू काय आहे आणि तिची मालकी कशी फिरत आली, हे बघावं लागतं. ही भानगड वाटते तितकी सोपी नाही, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पुण्या-मुंबईत पब म्हणजे अंधार, मोठा आवाज आणि महागडं बिल. इंग्लंडमधला जुना पब तसा नसतो. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चं छोटं रूप. हाउस म्हणजे खरोखरच घर. खाली दोन-तीन खोल्या लोकांसाठी उघड्या आणि वर पबचालकाचं बिऱ्हाड, ही रचना आजही खूप ठिकाणी दिसते. मुळात गावात ज्या बाईच्या हाताला एल, म्हणजे तिथली जुनी बिअर, चांगली उतरायची ती दाराबाहेर एक काठी लावायची. काठी दिसली की लोकांनी समजायचं, माल तयार आहे, या. पुढे १५५२ साली कायदा आला आणि एल विकायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना घ्यावा लागू लागला. म्हणजे पावणेपाचशे वर्षांपासून हे घर खाजगीही आहे आणि सरकारच्या डोळ्यांखालचंही.

दारावरच्या चित्रांच्या पाट्यांनाही अर्थ आहे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावाऐवजी चित्र. ‘रॉयल ओक’ हे नाव गावोगाव दिसतं, त्यामागे १६५१ ची गोष्ट आहे. वुस्टरच्या लढाईत हरलेला राजपुत्र, पुढचा राजा दुसरा चार्ल्स, बॉस्कोबेलच्या एका ओक वृक्षाच्या फांद्यांत लपून वाचला. त्याला गादी मिळाली आणि ते झाड पाटीपाटीवर जाऊन बसलं.

आपल्याकडच्या ‘परमिट रूम’ या शब्दाशी याची तुलना करून बघा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो, म्हणून जिथे परवानाधारकाने बसायचं ती परमिट रूम. एका शब्दात ‘कोणीही या’ आहे आणि दुसऱ्यात ‘परवानगी असेल तर या’. दोन समाजांनी एकाच वस्तूकडे किती वेगळ्या नजरेने पाहिलं, ते या दोन शब्दांतच दिसतं.

आता या घरात काय काय चालायचं ते बघू. एकोणिसाव्या शतकात गावात संशयास्पद मृत्यू झाला तर चौकशी बऱ्याचदा पबमध्ये भरायची, कारण माणसं बसवायला तेवढी मोठी दुसरी खोलीच नसायची. कामगार संघटनांच्या शाखा पबच्या माडीवर जमायच्या. १८६३ साली लंडनच्या ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’मध्ये काही क्लबांचे लोक बसले, फुटबॉलचे नियम एकसारखे करायचे ठरवलं, आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. मला सगळ्यांत जवळची वाटते ती ‘स्लेट क्लब’ची पद्धत. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे पबचालकाकडे किंवा क्लबच्या चिटणिसाकडे जमा करायचे, आजारपणात त्यातून मदत घ्यायची आणि उरलेलं नाताळच्या आधी वाटून घ्यायचं. आपली भिशीच म्हणा ना.

याच खोल्यांत नुकसानही भरपूर झालं, आणि ते लपवून पबचं कौतुक करणं मला पटत नाही. मजुरांचा पगार पबमध्ये वाटण्याची पद्धत होती. हातात पैसे पडले की समोरच गल्ला. घरी पोचेपर्यंत काय उरत असेल याचा अंदाज कोणत्याही बाईला येईल. १८८३ साली कायदा करून पबमध्ये मजुरी वाटायला बंदी घालावी लागली.

शिवाय ‘पब्लिक’ या शब्दात सगळे कधीच नव्हते. एकाच पबमध्ये ‘पब्लिक बार’ आणि ‘लाउंज’ असे दोन भाग असायचे. पहिल्यात साधी बाकं आणि कामाच्या कपड्यांतली माणसं, दुसऱ्यात गालिचा आणि तीच बिअर थोडी महाग. बायकांनी एकटीने आत जाणं बरं समजलं जायचं नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल व्हिनो’ या बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून काही मागवता येत नव्हतं, मागच्या खोलीत बसूनच घ्यावं लागायचं. एक वकील आणि एक पत्रकार अशा दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ साली अपील कोर्टात जिंकल्या. १९८२ म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही.

रंगाची भिंत तर आपल्या लोकांनी सोसली. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणारे हजारो पंजाबी कामगार होते. शिफ्ट संपली की गोऱ्या सहकाऱ्यांसारखं त्यांनाही पबमध्ये बसावंसं वाटायचं, पण कित्येक पब त्यांना लाउंजमध्ये घ्यायचे नाहीत, काही तर दारातूनच परत पाठवायचे. इंडियन वर्कर्स असोसिएशनने हे उघडं पाडायला मोहीम काढली, मुद्दाम अशा पबांत जाऊन मागणी करायची आणि नकार मिळाला की त्याची नोंद करायची. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. ‘ब्लू गेट्स’ या पबमध्ये त्यांनाही लाउंजमध्ये काही दिलं गेलं नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षाअखेर ब्रिटनचा वंशभेदविरोधी पहिला कायदा अमलात आला आणि पबसारख्या सार्वजनिक जागी रंगावरून नकार देणं बेकायदा ठरलं. पुढे त्याच भागात पंजाबी कुटुंबांनी बंद पडत चाललेले पब चालवायला घेतले. आज तिथे बिअरच्या नळांशेजारी तंदूर पेटलेला असतो, आणि गोरे म्हातारे व पंजाबी म्हातारे एकाच टेबलावर बसलेले दिसतात. ‘पब्लिक’ हा शब्द कोणीतरी भांडून थोडा थोडा रुंद केला, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मालकीचा प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे. पबच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये ‘लँडलॉर्ड’ म्हणतात, बाई असेल तर ‘लँडलेडी’. ऐकणाऱ्याला वाटतं, हा मालक. पण बहुधा तो भाडेकरू असतो. इमारत असते एखाद्या ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याची, किंवा कंपनीची.

हे कसं झालं? १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून कोणाही करदात्याला बिअर विकायची मुभा मिळाली आणि हजारो नवी बिअर-घरं उघडली. पुढे परवाने आवळले गेले. नवा परवाना मिळणं कठीण झाल्यावर ब्रुअऱ्यांच्या लक्षात आलं की बिअर गाळून भागत नाही, ती जिथे विकली जाते ती जागाच हातात हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी धडाक्याने पब विकत घेतले आणि भाड्याने दिले. अट एकच, बिअर आमचीच घ्यायची. याला ‘टाय’ म्हणतात, म्हणजे बांधलेपण. असा पब ‘टाइड हाउस’. ज्याला कोणाचीही बिअर घेता येते तो ‘फ्री हाउस’. इंग्लंडमध्ये पबच्या दारावर ‘फ्री हाउस’ लिहिलेलं दिसलं तर आत काही फुकट मिळत नाही, चालक मोकळा आहे एवढाच त्याचा अर्थ.

बांधलेल्या पबला दोन भाडी असतात. धंद्यातले लोक त्यांना ‘ड्राय रेंट’ आणि ‘वेट रेंट’ म्हणतात. कोरडं भाडं म्हणजे इमारतीचं, दरमहा ठरलेलं. ओलं भाडं बिअरच्या किमतीत लपलेलं असतं. समजा, मोकळ्या बाजारात एक पिंप शंभर पौंडांना मिळतंय. बांधलेल्या चालकाला तेच पिंप मालक कंपनीकडून दीडशेला घ्यावं लागलं, तर वरचे पन्नास हे ओलं भाडं. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) ही पद्धत नुसती लुबाडणूक आहे असं मी म्हणणार नाही. भांडवल नसलेल्या जोडप्याला थोड्या अनामतीवर धंदा सुरू करता येतो, कोरडं भाडं कमी असतं, आणि मंदीत बिअर कमी खपली की ओलं भाडं आपोआप कमी होतं. पण कोरडंही जास्त आणि ओलंही जास्त असं झालं की चालक दिवसाचे चौदा तास राबूनही हाती काही राहत नाही. गावाला दिसतं ते इतकंच की दर वर्ष-दीड वर्षाने पबचा चालक बदलतो.

मालकीचा आणखी एक विलक्षण प्रयोग हेस्केट न्यूमार्केटपासून फार लांब नसलेल्या कार्लाइल शहरात झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं. जवळच ग्रेटना इथे तोफांच्या दारूचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि बांधकामावरचे हजारो मजूर पगार हातात आला की कार्लाइलच्या पबांत उतरू लागले. स्फोटकांच्या कामावर झिंगलेली माणसं, याचा धोका सांगायला नको. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बरोबरीने दारू हाही आपला शत्रू आहे, असं तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री लॉइड जॉर्ज म्हणाले होते. १९१६ साली सरकारने थेट कार्लाइल भागातल्या ब्रुअऱ्या आणि पबच ताब्यात घेतले.

मग सरकारने पब चालवला कसा? बरेच बंद केले. उरलेल्यांत व्यवस्थापक पगारावर नेमले, म्हणजे बिअर जास्त खपवून त्यांना जास्त पैसे मिळणार नाहीत. जेवण आणि बिनदारूची पेयं विकली तर मात्र कमिशन. शहरातलं जुनं पोस्ट ऑफिस बदलून ‘ग्रेटना टॅव्हर्न’ काढली, तिथे कामगाराला गरम जेवण मिळायचं. पुढे हॅरी रेडफर्न या वास्तुरचनाकाराने मोठ्या खिडक्यांचे, बसायला भरपूर जागा असलेले, कुटुंबासह जाता येईल असे नवे पब बांधले. तोपर्यंत कित्येक पब म्हणजे उभ्याने ढोसायची कोंदट जागा असायची. हे सरकारी पब युद्ध संपल्यावरही चालू राहिले, थेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. मग सरकारने ते विकून टाकले. माझ्या मते या प्रयोगाची आठवण आपल्याकडच्या दारू धोरणाच्या चर्चेत यायला हवी. विकणाऱ्याचा फायदा खपाशी जोडलेला नसेल तर काय होतं, हे एका अख्ख्या शहराने पन्नासहून जास्त वर्षं करून पाहिलं आहे.

युद्धकाळात आणखी एक नियम आला होता, दुसऱ्याला पाजायला बंदी. ज्याने त्याने आपल्या पैशाने आपलीच घ्यायची. हा नियम पबच्या वर्मावर बसला, कारण पबमधलं सगळं नातं ‘राउंड’वर चालतं. चौघे मित्र गेले की एक जण उठतो आणि चौघांचं आणतो. पुढच्या खेपेला दुसरा. कोण किती देतो याचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण आपली पाळी चुकवणाऱ्याला सगळे ओळखून असतात. फक्त लेमनेड पिणाराही राउंडमध्ये असतो आणि त्याचीही पाळी येते. टेबलाशी वेटर येत नाही. काउंटरशी जावं लागतं, तिथे दिसेल अशी रांग नसते, पण आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि चुकून आपल्याला आधी विचारलं तर ‘यांचा नंबर आहे’ असं सांगायची रीत आहे. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलणं इंग्रज माणसाला जड जातं. काउंटरशी उभं असताना ते सोपं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं दिवसातलं पहिलं बोलणं कित्येकदा इथेच होतं.

युद्धातले ते नियम बाकी कसे चिकटून राहिले बघा. कामगार दुपारनंतर शुद्धीत राहावेत म्हणून पब दुपारी बंद ठेवायची सक्ती झाली, ती उठली १९८८ साली.

आता अलीकडे येऊ. १९८० च्या दशकात सहा बड्या ब्रुअऱ्यांकडे एवढे पब झाले की सरकारला ती मक्तेदारी वाटू लागली. १९८९ साली नियम निघाला: दोन हजारांहून जास्त पब असतील तर वरच्यातले अर्धे मोकळे करा. हेतू चांगला होता. पण ब्रुअऱ्यांनी पब विकले आणि ते घेतले नव्या कंपन्यांनी, ज्या बिअर गाळतच नव्हत्या. त्यांना ‘पबको’ म्हणतात. त्यांनी मोठमोठी कर्जं काढून हजारो पब घेतले, बिअर घाऊक भावात घ्यायची आणि चालकाला चढ्या भावात द्यायची, हा त्यांचा धंदा. म्हणजे दोर तोच राहिला, फक्त धरणारा हात बदलला. २००८ च्या मंदीत कर्जं डोक्यावर आली तेव्हा या कंपन्यांना दिसलं की चालू पबपेक्षा रिकामी जागा जास्त किमतीला जाते. ५०० किंवा त्याहून अधिक बांधलेले पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूला ‘मला बिअरची सक्ती नको, बाजारभावाने फक्त भाडं घ्या’ असं म्हणायचा हक्क मिळायला २०१६ साल उजाडावं लागलं.

रिडेव्हलपमेंट हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गावठाणातला पब म्हणजे मोक्याची जागा, मागे अंगण, वर खोल्या. पाडा आणि फ्लॅट बांधा. २००० साली ब्रिटनमध्ये ६० हजारांच्या आसपास पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरलेत. सगळे काही बिल्डरने खाल्ले नाहीत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, २००७ ची धूम्रपानबंदी, कमी पिणारी नवी पिढी, वाढते कर आणि विजेची बिलं, हे सगळं त्यात आहे. पण नफ्यात चाललेला पबही जमिनीच्या भावापुढे टिकत नाही, हे कारण लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

लंडनच्या माइडा व्हेल भागातल्या ‘कार्लटन टॅव्हर्न’चं प्रकरण यात फार बोलकं आहे. १९२० च्या सुमाराचा हा पब, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून वाचलेला. त्याला संरक्षित वारसा म्हणून दर्जा मिळण्याच्या बेतात असताना, एप्रिल २०१५ मध्ये मालक कंपनीने बुलडोझर लावून परवानगीशिवाय तो पाडला. रहिवासी सकाळी उठून बघतात तो विटांचा ढिगारा. पण दर्जा देण्याच्या तयारीत इमारतीची बारकाईने नोंद आधीच झाली होती. वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने आदेश दिला की जसा होता तसा, विटेला वीट लावून, परत बांधा. रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा सोडला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पब पुन्हा उघडला. अनधिकृत पाडकामाला नुसता दंड होतो आणि बिल्डर तो हसत भरतो, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की हे वाचताना माझा ऊर भरून येतो.

२०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने इंग्लंडमधल्या लोकांना एक हत्यार दिलं. गावातल्या २१ मतदारांनी किंवा एखाद्या स्थानिक संस्थेने अर्ज करून पालिकेकडे सांगायचं की हा पब, हे दुकान, ही लायब्ररी आमच्या समाजजीवनाला मोलाची आहे. पालिकेला पटलं तर ती जागा यादीत पाच वर्षं राहते. या काळात मालकाने विकायला काढली तर आधी सहा आठवडे थांबायचं, आणि त्या सहा आठवड्यांत लोकांनी ‘आम्हाला घ्यायचाय’ असं कळवलं तर एकूण सहा महिने थांबायचं. तेवढ्यात लोकांनी पैसे उभे करायचे.

यात मोठी उणीव आहे. सहा महिन्यांनंतर लोकांनाच विका, अशी सक्ती मालकावर नाही. लोकांनी पूर्ण किंमत समोर ठेवली तरी तो दुसऱ्याला विकू शकतो. म्हणजे कायद्याने दिला तो फक्त वेळ. तरीही सहा महिने ही मोठी गोष्ट आहे, हे ‘आयव्ही हाउस’ने दाखवलं. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचा हा १९३० च्या दशकातला पब. आत भिंतींना लाकडी फळ्या आणि छोटा रंगमंच. १९७० च्या दशकात इथे कित्येक बँड वाजले. २०१२ साली चालकाला आठवड्याभराची नोटीस देऊन तो बंद झाला, फ्लॅट होणार हे उघड होतं. शेजाऱ्यांनी आधी इमारतीला वारसा-दर्जा मिळवला, मग नव्या कायद्याखाली तिची नोंद केली. देशातला अशी नोंद झालेला हा पहिला पब. कर्ज, अनुदान आणि ३७१ जणांचे शेअर मिळून पैसे जमले आणि २०१३ मध्ये पब लोकांचा झाला.

हे शेअर म्हणजे शेअरबाजारातले शेअर नव्हेत. इथे मराठी वाचकाला काही नवं सांगायला नको. एक सभासद एक मत, मग तुमचे शेअर पन्नास पौंडांचे असोत की पाच हजारांचे. शेअरचा भाव वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही, परत हवा असेल तर संस्थेकडेच मागायचा आणि संस्थेला झेपेल तेव्हा ती देणार. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, ताळेबंद मांडायचा, संचालक निवडायचे. ही सगळी रीत उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या २८ माणसांनी १८४४ साली काढलेल्या किराणा दुकानापासून पसरली. १९०४ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आणला, आणि त्या वाटेने ती प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत आणि आपल्या गावच्या सोसायटीपर्यंत पोचली. हेस्केट न्यूमार्केटचे गावकरी आणि आपला ऊस उत्पादक सभासद या अर्थाने एकाच घरातले.

ओल्ड क्राउनची गोष्ट आयव्ही हाउसच्या आधीची, तेव्हा हा कायदा नव्हता. पण त्यांच्याकडे सराव होता. १९८८ साली पबच्या मागच्या जुन्या गोठ्यात एक छोटी ब्रुअरी सुरू झाली होती. तिच्या बिअरना आसपासच्या डोंगरांची नावं, स्किडॉ, ब्लेंकाथ्रा. १९९९ मध्ये गावकऱ्यांनी आधी ती ब्रुअरी सहकारी केली. पुढे पब विक्रीला निघाला तेव्हा बाहेरचा कोणी घेऊन त्याला बांधून टाकेल किंवा त्याचं घर करेल ही भीती होती. सहकार म्हणजे काय हे तोवर त्यांना कागदपत्रांसकट माहीत झालेलं होतं.

आज ब्रिटनमध्ये लोकांच्या मालकीचे दीडशेहून अधिक पब आहेत. बऱ्याच ठिकाणी संस्था इमारत स्वतःकडे ठेवते आणि चालवायला भाडेकरू जोडपं नेमते, कारण उत्साहाने दोन वर्षं फुकट काम करणारे स्वयंसेवक तिसऱ्या वर्षी थकतात. काही पबांत सकाळी पोस्टाचा काउंटर उघडतो, काहींत किराणा, काहींत पुस्तकांची मांडणी. गावातलं पोस्ट बंद, दुकान बंद, बसच्या फेऱ्या कमी, अशा वेळी दिवा लागलेलं एकच दार उरतं. ‘पब इज द हब’ ही संस्था २००१ पासून याच कामात मदत करते.

शेवटी तळघरात उतरू, कारण गावाचं आणि पबचं नातं किती घट्ट आहे ते तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. पारंपरिक एलचं लहान पिंप, त्याला ‘फर्किन’ म्हणतात, नऊ गॅलनचं असतं. म्हणजे साधारण ४१ लिटर, ७२ पिंट. आत यीस्ट जिवंत असतं आणि बिअर पिंपातच मुरत असते. आल्यावर ते पिंप आडवं ठेवायचं, हलवायचं नाही. वरच्या बुचात लाकडाची छोटी खुंटी ठोकून आतला वायू हळूहळू सोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा, तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं. दिवस-दीड दिवसाने चव बघून ठरवायचं की तयार झाली. मग वरच्या मजल्यावरचा उभा दांडा लांब आणि संथ हाताने ओढला की बिअर वर येते.

पण प्रत्येक ओढीबरोबर पिंपात हवा शिरते. पहिला पिंट काढल्यापासून तीनेक दिवसांत ते संपायला हवं, नाहीतर आंबट होतं आणि उरलेलं मोरीत ओतावं लागतं. ७२ भागिले तीन, दिवसाला २४ पिंट, एका पिंपाचे. चांगल्या पबला अशी निदान दोन-तीन पिंपं लागतात. म्हणून हेस्केट न्यूमार्केटसारख्या गावात गुरुवारी नवं पिंप लावताना चालक बोटांवर मोजतो: आज क्विझ आहे, सहा-सहा जणांचे चार संघ. उद्या डार्ट्सचा सामना, शेजारच्या गावचे लोक येतील. शनिवारी पाऊस नसेल तर डोंगरावरून उतरणारे ट्रेकर. रविवारी दुपारच्या रोस्टला चार कुटुंबं, त्यातली दोन बिअर घेत नाहीत.